विदेचे जतन आणि अर्थाचे जतन : एका प्रतिमानाची चिकित्सा

उपग्रहांनी केलेल्या भूनिरीक्षणाची विदा दीर्घकाळ कशी टिकवावी, यासंबंधी आज जे लेखन होते त्याची परिभाषा बहुतांशी एकाच दस्तऐवजातून आलेली आहे. निरनिराळ्या देशांच्या अवकाशसंस्थांनी मिळून चालविलेल्या सल्लागार समितीने 2002 मध्ये तो सिद्ध केला. 2003 मध्ये त्यास आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला आणि 2012 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. 'ओएआयएस' या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे हे प्रतिमान तंत्रज्ञांसाठी लिहिलेले असले, तरी त्याचा गाभा भाषाविषयक आहे. भाषाभ्यासकाने त्याची दखल घ्यावी ती एवढ्याचसाठी.

या प्रतिमानाचे श्रेय प्रथम मान्य केले पाहिजे. फितीवरील खुणा शाबूत राहिल्या म्हणजे विदा टिकली, हा भोळा समज त्याने निकालात काढला. चिन्हांची नुसती मालिका ही माहिती नव्हे. ती कशी वाचावी हे सांगणारी दुसरी माहिती तिच्यासोबत ठेवावी लागते. या दुसरीस येथे 'निर्वचन-माहिती' म्हणू. परंतु निर्वचन-माहिती हीदेखील अखेर चिन्हांचीच मालिका. तिच्या वाचनासाठी तिसरी हवी, तिसरीसाठी चौथी. कोशात प्रत्येक शब्दाचा अर्थ इतर शब्दांनीच सांगितलेला असतो. तोच हा पेच. प्रतिमानाने त्यातून काढलेली वाट अशी : प्रत्येक संग्रहाने आपला 'नियोजित समुदाय' ठरवावा, त्या समुदायास जे ज्ञान आधीच अवगत आहे तेथे ही साखळी थांबवावी, आणि समुदायाचे ज्ञान पालटत गेल्यास निर्वचन-माहितीत भर घालीत जावे.

व्यवहार म्हणून ही वाट सोयीची आहे. सिद्धान्त म्हणून ती टिकत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. जतन करणाऱ्यास आपला वाचक ओळखता येतो, हे तिचे गृहीतक आहे. दफ्तरातील कारकुनाने मोडीत लिहिले ते मोडी जाणणाऱ्यांसाठी. लिपी कशी वाचावी हे त्याने लिहून ठेवले नाही, कारण त्याच्या समुदायास ते सांगण्याची गरज नव्हती. आज त्या कागदांपुढे बसणारा संशोधक त्या समुदायाचा वंशजही असतोच असे नाही.

निंबस मालिकेचे उदाहरण येथे अधिक बोलके आहे. नासाचा निंबस-1 हा उपग्रह 28 ऑगस्ट 1964 रोजी सोडण्यात आला. त्याचे आयुष्य जेमतेम महिनाभराचे ठरले. तो हवामानशास्त्रज्ञांसाठी होता, म्हणजे मुख्यतः ढग पाहण्यासाठी. त्याच्या कॅमेऱ्याने टिपलेली चित्रे छायाचित्रणाच्या फितींवर उतरविली गेली आणि त्या फिती डब्यांतून अनेक दशके पडून राहिल्या. पुढे अमेरिकेतील राष्ट्रीय हिम व बर्फ विदा केंद्राच्या संशोधकांनी त्या मिळवून अंकीय स्वरूपात आणल्या. त्यांना ढगांशी कर्तव्य नव्हते. ढग ही त्यांच्या वाटेतील अडचण होती. त्यांना हवी होती ध्रुवीय समुद्रावरील बर्फाची कड. तीन आठवड्यांच्या चित्रांतून ती कड हाताने आखीत त्यांनी 2013 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला, की सप्टेंबर 1964 मध्ये अंटार्क्टिकाभोवतीच्या सागरी बर्फाचा विस्तार सुमारे 197 लाख चौरस किलोमीटर होता, तीन लाख इकडे किंवा तिकडे. सागरी बर्फाची अखंड उपग्रहीय नोंद 1978 च्या अखेरीस सुरू होते, हे ध्यानात घेता या एका आकड्याचे मोल कळून येईल.

आता प्रतिमानाची कसोटी येथे लावून पाहावी. 1964 मध्ये कोणी नियोजित समुदाय ठरविला असता तर तो ढगांच्या अभ्यासकांचा ठरला असता, आणि त्यांच्या दृष्टीने जे पुरेसे तेवढेच ठेवणे रास्त मानले गेले असते. परंतु ढगही पांढरा आणि बर्फही पांढरा. ढग सरकतो, बर्फाची कड त्या मानाने स्थिर असते. म्हणून दोहोंत भेद करण्यास एकाच प्रदेशाची वेगवेगळ्या दिवसांची चित्रे जवळ असावी लागतात. ती कड नकाशावर बसवावयाची तर त्या क्षणी उपग्रह कोठे होता आणि कॅमेरा कोणीकडे रोखलेला होता, हेही कळावे लागते. एका वाचकाची द्विरुक्ती ती दुसऱ्या वाचकाची साक्ष ठरते. निंबसच्या फिती वाचल्या त्या कोणी हा वाचक हेरून ठेवला होता म्हणून नव्हे, तर कोणी त्या फेकल्या नाहीत म्हणून.

प्रतिमानाचे समर्थक म्हणतील की समुदायाची व्याख्या सुरुवातीपासूनच व्यापक, प्रसंगी सर्वसामान्य जनतेइतकी, करावी असे दस्तऐवजातच सुचविले आहे. सुचविले आहे खरे. परंतु व्यापक वाचक आणि अनपेक्षित वाचक हे एक नव्हेत. सर्वसामान्यास ढगांचे चित्र सोपे करून सांगितल्याने बर्फ शोधणाऱ्याची सोय होत नाही. समुदायावर लक्ष ठेवण्याची जी जबाबदारी प्रतिमान संग्रहावर टाकते, तीही परिचित वाचकाचे ज्ञान कसे पालटते यापुरतीच पोहोचते.

दुसरा आक्षेप याहून गंभीर वाटतो. निर्वचन-माहितीत भर पडते, हे प्रतिमान जाणते. ती मागे फिरून पूर्वीचे वाचन खोटे ठरवू शकते, यास मात्र त्यात द्यावे तेवढे वजन नाही. 1984 मध्ये सोडलेल्या लँडसॅट-5 च्या मुख्य संवेदकाने नोंदलेला प्रत्येक अंक हा प्रकाशाच्या तीव्रतेचा वाचक आहे. पण अमुक अंक म्हणजे किती प्रकाश, हे अंशांकनावर अवलंबून असते आणि संवेदक काळानुसार मंदावतो. या संवेदकाचे अंशांकन 2003 मध्ये बदलण्यात आले आणि 2007 मध्ये, वाळवंटी प्रदेशांच्या स्थिर तेजस्वितेशी ताडून, पुन्हा सुधारण्यात आले. फितीवरील एकही खूण हलली नाही, परंतु वीस वर्षांपूर्वीच्या अंकांचा अर्थ पालटला. चिन्ह तेच, वाच्य निराळे. आणि जुन्या अर्थावर उभारलेले प्रबंध ग्रंथालयांत जसेच्या तसे उभे आहेत.

ग्रंथसंपादनात अशा वेळी त्याज्य ठरलेला पाठही तळटीपेत राखून ठेवण्याची शिस्त आहे. युरोपीय अवकाशसंस्थेच्या पुढाकाराने झालेल्या कामात, विदेसोबत अंशांकनाचे अहवाल, प्रक्रियेच्या आज्ञावली, संवेदकाची वर्णने असे काय काय ठेवावे याची तपशीलवार यादी तयार झाली आहे. तिचे स्वागतच केले पाहिजे. तथापि यादीतील वस्तू राखणे वेगळे आणि कोणत्या काळी कोणता अर्थ ग्राह्य होता याचा क्रम राखणे वेगळे. लँडसॅटच्या संपूर्ण संग्रहाचे पहिले एकसूत्री संस्करण 2016 मध्ये आले, दुसरे 2020 च्या अखेरीस. आणि 2022 अखेर पहिले संस्करण वाचकांसाठी बंद करण्यात आले. मूळ अप्रक्रियित विदा सुरक्षित आहे, दुसरे संस्करण भौमितिकदृष्ट्या अधिक नेमके आहे, आणि एवढा प्रचंड साठा दोनदा बाळगण्याचा खर्च कोणासही परवडणारा नाही, ही तिन्ही उत्तरे खरी आहेत. पण मधल्या सहा वर्षांत ज्याने पहिल्या संस्करणावरून एखाद्या अरण्याची घट मोजली, त्याचे मोजमाप पडताळू पाहणाऱ्यापुढे आज त्याने वाचलेला पाठ नसतो. असते ती मूळ विदा, संस्करणाचे दस्तऐवज आणि तो पाठ पुन्हा रचण्याची जोखीम.