जुम्मन, प्ल्यूश्किन आणि आमचे भाईजान

वाटणीच्या कथेत एक लबाड असतो आणि एक पंच असतो. प्रेमचंदांच्या ‘पंच परमेश्वर’ (१९१६) या कथेत दोन्ही आहेत. जुम्मन शेख गोड बोलून खालाची मिळकत आपल्या नावावर करून घेतो. रजिस्ट्री होताच तिची आबाळ सुरू होते. खाला पंचायत बोलावते आणि जुम्मनचाच जिवलग दोस्त अलगू चौधरी याला पंच नेमते. अलगू दोस्ती बाजूला ठेवून निवाडा देतो. पुढे जुम्मन स्वतः पंच होतो, तेव्हा तोही इन्साफ करतो. उर्दू शाळेत ही कथा मी कितीदा तरी सांगितली. शेवट ऐकून मुले खूश होतात. मीही व्हायची.

अब्बा गेले आणि ही कथा मला अपुरी वाटू लागली. अम्मी आधीच गेल्या होत्या. जमीन पाच एकर. दोन भाऊ, मी एकटी बहीण. सूरह निसाच्या हिशेबाने भावांना दोन-दोन एकर, मला एक. कुणी हुज्जत घातली नाही. सात-बारावर नाव लागले. पण माझ्या एकरावर थोरल्या भाईजाननी वर्षानुवर्षे जमवलेले सामान आहे. मोडकी दारे, पत्रे, खताच्या रिकाम्या गोण्या, सायकलींचे टायर. ते काही विकत नाहीत, कुणाला हात लावू देत नाहीत. लोक त्यांना लालची म्हणतात. लालची माणसाने यातले निम्मे केव्हाच भंगारात विकले असते.

हा माणूस मला भेटला तो गोगोलच्या ‘डेड सोल्स’ (१८४२) या रशियन कादंबरीत. जमीनदार प्ल्यूश्किन रस्त्यावर दिसेल ते उचलून घरात आणतो, आणि त्याच्या कोठारात धान्य कुजते. गोगोल त्याचा भूतकाळही सांगतो. एकेकाळी हे भरले घर होते. बायको वारली, थोरली मुलगी पळून गेली, मुलगा दुरावला, धाकटी मुलगी मेली. माणसे कमी होत गेली तसे सामान वाढले. पण गोगोल त्याला माफही करीत नाही. मुलगी नातवाला घेऊन येते, तेव्हा प्ल्यूश्किन नातवाला खेळायला एक बटण देतो; मुलीला काहीच देत नाही.

प्रेमचंदांचा जुम्मन निवाड्याने सुधारतो, कारण त्याचा दोष नियतीत आहे. साठवणाऱ्याचे तसे नाही. २०१३ साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने साठवणुकीचा विकार स्वतंत्र आजार म्हणून नोंदवला. मात्र गोगोलमध्येही एक उणीव राहते. त्याच्या निवेदकाला प्ल्यूश्किनची कीव येते, घृणाही येते. पण हक्क मागणारी बहीण त्याच्यासमोर उभी नाही.

ती बहीण आपल्या लेखकांनी लिहायला हवी. आपल्याकडे बहिणीने हिस्सा सोडला की तिचे कौतुक होते, मागितला की माहेर तुटते. त्यात भाऊ आजारी असला तर सोडून देणे हीच माया ठरते. मला हे मान्य नाही. भाईजाननी एकेक पत्रा स्वतःच्या हाताने उचलावा, त्याला वेळ लागला तरी मी थांबेन. पण एकर माझा आहे. ही दोन्ही वाक्ये एकाच बाईच्या तोंडी असलेली कथा मला वर्गात सांगायची आहे.