तांबट, गंगाराम चिंतामण

(कार्यकाल : अठराव्या शतकाचा अखेरचा भाग). पेशवेकालीन पुण्यातील चित्रकार. त्याचे आडनाव नवगिरे-तांबट असेही आढळते. शिसलेखणी, शाई व जलरंग ह्या माध्यमांत त्याने कागदावर केलेली प्राणिचित्रे, वेरूळच्या लेण्यांची चित्रणे आणि पुणे परिसरातील दृश्ये ही महाराष्ट्रातील आधुनिक जलरंगचित्रणाची अगदी आरंभीची उदाहरणे होत. त्याची चित्रे मुख्यत्वे अमेरिकेतील न्यू हेवन येथील ‘येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट’ ह्या संस्थेच्या संग्रहात आहेत.

ईस्ट इंडिया कंपनीचा वकील म्हणून सर चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये पुण्याच्या दरबारी आला. मॅलेटला प्राचीन लेणी, प्राणी, लोकांचे व्यवसाय व चालीरीती ह्यांविषयी कुतूहल होते आणि ह्या सर्वांची चित्ररूप नोंद त्याला हवी होती. जेम्स वेल्स (१७४७–९५) हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईस व तेथून पुण्यास आला. सवाई माधवराव पेशवे, नाना फडणीस व महादजी शिंदे ह्यांची त्याने केलेली व्यक्तिचित्रे प्रसिद्ध आहेत. मॅलेटच्या पुढाकाराने व पेशव्यांच्या आश्रयाने शनिवारवाड्यात जी चित्रशाळा निघाली, तीत वेल्सच्या हाताखाली एतद्देशीय चित्रकार शिकत व काम करीत. गंगाराम हा त्यांपैकी सर्वांत गुणी होय.

त्याची ओळख ‘वेल्सचा शिष्य’ अशी करून देण्याचा प्रघात आहे. परंतु ती अपुरी आहे. पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवरावांचा शिकारखाना होता. तेथील गेंड्याचे गंगारामाने काढलेले चित्र नोव्हेंबर १७९० मधील, म्हणजे वेल्स भारतात येण्यापूर्वीचे आहे. त्यात प्राणी समोर ठेवून केलेले निरीक्षण, कातडीच्या वळ्यांचा नेमका माग घेणारी रेषा आणि शरीराचा घनपणा सुचविणारी रंगछटा हे तिन्ही गुण दिसतात. सारांश, पाश्चात्त्य शिक्षकाची गाठ पडण्यापूर्वीच ह्या चित्रकाराची नजर व हात तयार झालेले होते. वेल्सकडून त्याला जे मिळाले ते चित्रकलेचे प्राथमिक धडे नव्हते, तर एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर होते. अवकाश व त्यातील प्रकाश कागदावर कसा उतरवावा, हा तो प्रश्न होय.

त्याचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी जलरंगाच्या दोन पद्धतींतील भेद पाहणे आवश्यक आहे. मराठा काळातील लघुचित्रांत अपारदर्शक जलरंग वापरीत. घोटून गुळगुळीत केलेल्या कागदावर रंगाचे सपाट व भरीव थर चढवीत आणि उजळ भाग पांढरा रंग मिसळून साधीत. पाश्चात्त्य पारदर्शक जलरंगात रंगाचे पातळ थर एकावर एक देतात आणि उजेडासाठी कागदाचा मूळ शुभ्रपणा राखून ठेवतात. पहिल्या पद्धतीत प्रकाश हा रंगाचा गुण असतो. दुसरीत तो न रंगविलेल्या कागदातून येतो. म्हणून दुसऱ्या पद्धतीत अंधार कोठे थांबवावयाचा, ह्याचा निर्णय आधीच घ्यावा लागतो. रंगलेला भाग पुन्हा पूर्ववत उजळ करणे दुरापास्त असते.

ह्या पद्धतीची खरी कसोटी वेरूळला लागली. मॅलेटने १७९४ मध्ये ह्या लेण्यांचे वर्णन लिहून पाठविले. इंद्रसभा, जगन्नाथसभा, कैलास इ. लेण्यांची माहिती देणारा हा लेख कलकत्त्याच्या एशियाटिक रिसर्चेस ह्या नियतकालिकाच्या सहाव्या खंडात (१७९९) प्रसिद्ध झाला. त्यासाठी मॅलेटने गंगारामाच्या चित्रांचा आधार घेतला होता. वेल्स वेरूळला गेला तो त्यानंतर, १७९५ मध्ये. लेण्याच्या अंतर्भागात उजेड एका दिशेने येतो, खांब ओळीने मागे सरत अंधारात जातात आणि भिंतींवर शिल्पांची गर्दी असते. नुसत्या रेषेने सारे काढले, तर खोली नाहीशी होते. केवळ छायाप्रकाशावर भिस्त ठेवली, तर शिल्पाचा तपशील बुडतो. गंगारामाने ह्या दोहोंत मेळ घालण्याचा प्रयत्न केला. मोजमापाची शिस्त पाळणाऱ्या रेषेने त्याने वास्तूची बांधणी निश्चित केली आणि पातळ छटांनी तिच्यात अवकाश निर्माण केला. यथादर्शनाचे नियम त्याने घेतले, परंतु त्यांच्यासाठी वस्तूच्या स्पष्टतेचा बळी दिला नाही. कोठे कोठे ह्यामुळे चित्रात काहीसा ताठरपणा येतो. मात्र कोरीव कामाकडे कारागिराच्या जिज्ञासेने पाहणारी दृष्टीही त्यामुळेच टिकून राहते.

सु. १७९५ मधील पर्वतीच्या दृश्यात त्याच्या विकासाचा पुढचा टप्पा दिसतो. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये उभारलेले देवदेवेश्वराचे मंदिर व त्याच्या परिवारातील मंदिरे जिच्यावर आहेत, ती ही टेकडी. येथे चित्रविषय एखादा प्राणी वा एखादी वास्तू नसून एक संपूर्ण स्थळ आहे. टेकडी, मंदिरे व सभोवतालचा मोकळा प्रदेश ह्यांचे परस्परसंबंध हाच चित्राचा आशय होय. सुट्या वस्तूकडून वास्तूच्या अंतर्भागाकडे आणि तेथून खुल्या परिसराकडे असा हा प्रवास पाच-सहा वर्षांतील आहे. गंगारामाचे बहुतेक विषय आश्रयदात्याच्या गरजेतून आलेले असले, तरी त्यांतून क्रमाक्रमाने विस्तारत गेलेली दृष्टी त्याची स्वतःची आहे.

ह्या विकासाला पुढे आधार मिळाला नाही. २७ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवरावांचा मृत्यू झाला आणि नोव्हेंबरमध्ये कान्हेरी लेण्यांच्या चित्रणात गुंतलेला वेल्स साष्टीत तापाने वारला. काही काळाने मॅलेट इंग्लंडला परतला व चित्रेही तिकडे गेली. वेल्सच्या वेरूळ येथील चित्रांवरून टॉमस डॅनिएलच्या देखरेखीखाली तयार झालेली चोवीस दृश्ये १८०३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. त्यांच्या शीर्षकपृष्ठावर वेल्स व डॅनिएल ही दोनच नावे आहेत. ज्याने वेल्सच्या आधी वेरूळ चितारले, त्याचे नाव नाही. डॅनिएलच्या ह्या दृश्यांत रम्यतेला व वातावरणाला प्राधान्य आहे. गंगारामाची चित्रे त्या मानाने कोरडी वाटतात. परंतु खांबाची घडण कशी आहे किंवा मूर्ती भिंतीशी कशी जोडलेली आहे, हे जाणून घेण्यासाठी त्याच्याच चित्रांकडे वळावे लागते.

द. ब. पारसनीस ह्यांच्या पूना इन बायगॉन डेज (१९२१) ह्या ग्रंथात शनिवारवाड्यातील चित्रशाळेची माहिती आली आहे. येल येथे २०११ मध्ये भरलेल्या प्रदर्शनामुळे व हॉली शेफर ह्यांच्या ग्राफ्टेड आर्ट्स (२०२२) ह्या ग्रंथामुळे ह्या कालखंडातील कलाव्यवहाराकडे अभ्यासकांचे लक्ष नव्याने वेधले गेले. अशा चित्रांना ‘कंपनी शैली’ हे एकच नाव देऊन ती परक्यांच्या मागणीनुसार केलेली अनुकृती म्हणून बाजूस सारणे गंगारामाच्या बाबतीत न्याय्य ठरत नाही. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये निघाली, तेव्हा महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना पारदर्शक जलरंगाचे शिक्षण पुन्हा आरंभापासून घ्यावे लागले. त्यापूर्वी साठाहून अधिक वर्षे पुण्यात एका मराठी चित्रकाराने ते माध्यम आत्मसात करून स्वतःच्या रेषेशी जुळवून घेतले होते. त्याची चित्रे येथेच राहिली असती, तर ह्या आरंभाला परंपरेचे रूप येण्याची शक्यता होती. चित्रांबरोबर ती शक्यताही परदेशी गेली.