पाण्याची परीक्षा आणि परीक्षकाची परीक्षा

घरात विजेची नवी जोडणी घ्यायची झाली तर परवानाधारक माणसाच्या सहीचा तपासणी अहवाल जोडावा लागतो. ती सही करणाऱ्याने परवाना मिळवण्यासाठी परीक्षा दिलेली असते. नळजोडणीच्या बाबतीतही पुष्कळ नगरपालिका परवानाधारक नळ कारागीर मागतात. पण त्याने नळ जोडून दिला की त्याचे काम संपते. त्या नळातून पाणी घरात येते तसेच ते घरातून उलटे मुख्य नळात जाऊ शकते का, हे पुढे कोणी तपासायचे, त्याला काय येत असले पाहिजे आणि ते त्याला येते की नाही हे कोणी ठरवायचे, याविषयी आपली व्यवस्था जवळजवळ गप्प आहे. काही देशांत या एकाच कामासाठी प्रमाणित तपासनीस असतात. त्यांच्या नियमांतले आपल्याला काय घेण्यासारखे आहे आणि काय नाही, याचा येथे विचार करायचा आहे.

पाणी उलटे जाते म्हणजे काय होते, ते आधी पाहू. त्याचे दोन प्रकार आहेत. ग्राहकाच्या बाजूचा दाब पुरवठ्याच्या दाबापेक्षा जास्त झाला, उदाहरणार्थ बॉयलर किंवा पंप जोडलेला असला, तर पाणी मागे ढकलले जाते. दुसऱ्या प्रकारात पुरवठ्याच्या नळातलाच दाब वातावरणाच्या दाबाखाली जातो आणि पाणी मागे ओढले जाते. आपल्या गावांत प्रामुख्याने दिसतो तो हा दुसरा प्रकार. पाणी सोडण्याची वेळ संपली, व्हॉल्व्हमनने झडप बंद केली, की उंचावरच्या गल्लीतले पाणी सखल भागातल्या उघड्या नळांतून वाहून जाते आणि मागे मोकळ्या झालेल्या पाइपात निर्वात तयार होतो. हा निर्वात मिळेल तेथून भरून निघतो. कोठे नुसती हवा येते, कोठे नालीतून जाणाऱ्या पाइपाच्या फुटक्या जोडातून नालीचे पाणी येते.

मानोरा, मंगरुळपीर, कारंजा, दिग्रस या बाजूच्या कोणत्याही गावात आणखी एक वाट सहज दिसते. नळाला दाब कमी, म्हणून दारासमोर दोन-अडीच फूट खड्डा खणून नळाचे तोंड त्यात उतरवलेले असते. पाणी आले की तो खड्डा भरतो, नळाचे तोंड त्यात बुडते, आणि पाणी गेले की त्याच तोंडाने खड्ड्यातले पाणी, त्यात धुतलेल्या भांड्यांच्या राखेसह, परत ओढले जाते. टिल्लू पंप लावणारा शेजारी तर पुरवठा चालू असतानाच हे घडवून आणतो. पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत टँकरने पाणी वाटताना नळीचे टोक पिंपात बुडवून ठेवलेले असते, तेथेही तीच गोष्ट. नळाचे तोंड आणि पाण्याची पातळी यांच्यात चार बोटे मोकळी हवा ठेवली तर हे सारे टळते. हवेतून पाणी चढत नाही. उलटा प्रवाह रोखण्याचे याहून स्वस्त आणि खात्रीचे साधन अद्याप निघालेले नाही.

वर्गात हे दाखवायला एक प्लास्टिकची बाटली, सलाइनची स्वच्छ नळी आणि शाईचे पाणी पुरते. बाटलीच्या बुडाशी नळी बसवून तिला मध्ये एक फाटा द्या. फाट्याचे टोक खालच्या पेल्यातल्या शाईच्या पाण्यात बुडवा आणि मुख्य नळीचे टोक त्याहूनही खाली सोडा. बाटली भरलेली असताना पेल्यात स्वच्छ पाणी पडत राहते. बाटलीखाली नळी चिमटून धरली की मुख्य नळीतले पाणी खाली ओघळते आणि फाट्यातून शाई वर चढते. आता फाट्याचे टोक पाण्याच्या वर धरून प्रयोग पुन्हा करा.

एवढी साधी गोष्ट किती महाग पडू शकते हे शिकागोत १९३३ साली दिसले. तेथे जागतिक प्रदर्शन भरले होते आणि बाहेरगावचे लाखो लोक आले होते. एकत्र पाणीपुरवठा असलेल्या दोन मोठ्या हॉटेलांत सांडपाण्याचे आणि पिण्याच्या पाण्याचे नळ सदोष जोडण्यांतून एकमेकांना मिळालेले निघाले. अमीबाजन्य आमांशाचे सुमारे चौदाशे रुग्ण झाले आणि ९८ माणसे मेली. पाहुणे आपापल्या गावी परतल्यावर आजारी पडल्याने साथ कोठली हे कळायलाच वेळ लागला. अमेरिकेत अशा जोडण्यांकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागण्यात या घटनेचा मोठा वाटा आहे. १९४४ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात याच विषयाच्या संशोधनासाठी एक संस्था स्थापन झाली.

आपल्याकडची दिल्लीची गोष्ट मात्र शिक्षकांनी अधिक बारकाईने वाचावी. १९५५ च्या अखेरीस यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी उलटे वझिराबादच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी आले. केंद्रातल्या लोकांनी क्लोरीन वाढवला. विषमज्वर आणि आमांश वाढले नाहीत. म्हणजे जिवाणूंपुरती शुद्धी बऱ्यापैकी झाली होती. तरीही डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये २९ हजारांहून अधिक लोकांना कावीळ झाली. ती ज्या विषाणूची होती त्याला आज आपण हिपॅटायटिस ई म्हणतो. जिवाणूंच्या कसोटीवर पाणी उतरले आणि माणसे आजारी पडली. पाण्याची चाचणी ही एका क्षणी घेतलेल्या एका बाटलीविषयी बोलते. घाण आत येण्याची वाट उघडी आहे की बंद, हे तिला ठाऊक नसते. त्यासाठी अडथळाच तपासावा लागतो, आणि तो तपासता येणारा माणूस लागतो.

अमेरिकेतले नियम राज्याराज्यांत आणि शहराशहरांत वेगळे आहेत, पण त्यांचा गाभा सारखा आहे. रुग्णालय, कारखाना, धुलाई केंद्र अशा धोक्याच्या ठिकाणी मुख्य जोडणीवर उलटा प्रवाह रोखणारे उपकरण बसवायचे आणि दर वर्षी ते प्रमाणित तपासनीसाकडून तपासून घ्यायचे. तपासनीसाला प्रशिक्षणानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. प्रमाणपत्राला मुदत असते, बहुधा तीन वर्षांची, आणि त्यानंतर पुन्हा परीक्षा. त्याच्याजवळच्या दाबमापकाचीही ठराविक काळाने, बहुतेक ठिकाणी दर वर्षी, अचूकता तपासून घ्यावी लागते. अशा रीतीने उपकरण, मापक आणि माणूस या तिघांचीही परीक्षा होते.

एवढा खटाटोप का, हे उपकरणाची रचना पाहिली की कळते. सर्वांत विश्वासार्ह मानल्या जाणाऱ्या प्रकारात एकामागे एक दोन एकमार्गी झडपा असतात आणि त्यांच्यामध्ये एक कप्पा असतो. कप्प्यातला दाब पुरवठ्याच्या दाबापेक्षा नेहमी कमी राहिला पाहिजे. हा फरक दर चौरस इंचाला २ पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे १ मीटर ४० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाच्या दाबाइतका, घसरण्यापूर्वीच तिसरी झडप उघडते आणि कप्प्यातले पाणी जमिनीवर सांडते. आता समजा पहिल्या झडपेत वाळूचा कण अडकला. नळाला पाणी येतच राहते, चव बदलत नाही, ग्राहक तक्रार करत नाही. बिघडलेला दिवा विझतो. बिघडलेली झडप काहीच करत नाही. म्हणून ती मोजूनच पाहावी लागते, आणि मोजताना चार तोट्या ठराविक क्रमाने उघडल्या-मिटल्या नाहीत तर नादुरुस्त उपकरणही उत्तीर्ण होते. चांगल्या परीक्षाकेंद्रांत झडप मुद्दाम बिघडवून उमेदवारापुढे ठेवतात ती यासाठीच.

हे सगळे कौतुकाचे खरे, पण या नियमांत दोन उणिवा आहेत. पुष्कळदा जो तपासतो तोच दुरुस्तीचे कंत्राट घेतो. नापास ठरवण्यात ज्याचा फायदा आहे त्याच्या हाती गुणपत्रिका द्यावी तसे हे आहे. दुसरी उणीव अधिक मूलभूत आहे. हा तपासनीस बसवलेले उपकरण तपासतो. जेथे ते बसवलेलेच नाही, ती जागा शोधणे हे निराळे काम मानले जाते आणि त्याचे प्रमाणपत्रही निराळे असते. चोवीस तास दाबाखाली भरलेल्या नळांच्या शहरात ही वाटणी चालून जाते. आपल्याकडे उपकरण विरळा आणि खड्डे अनेक. तेथले नियम जसेच्या तसे उचलले तर आपण मोजक्या झडपांसाठी उत्तम परीक्षक तयार करू आणि बुडालेल्या हजारो तोट्यांकडे कोणी पाहणार नाही.

आपल्याकडे काहीच नाही असेही नव्हे. राष्ट्रीय इमारत संहितेत उलटा प्रवाह टाळण्याच्या तरतुदी आहेत. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या जलस्रोतांचे वर्षातून दोनदा स्वच्छता सर्वेक्षण होते आणि जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. हे सर्वेक्षण गळती, उघडी गटारे, ब्लीचिंग पावडरचा साठा पाहते. म्हणजे निव्वळ पाण्यापलीकडे जाते, आणि ते मला फार मोलाचे वाटते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे. कल्पना उत्तम आहे. माझी हरकत आहे ती ‘प्रशिक्षण दिले’ या शब्दांवर. प्रयोगशाळेला मान्यता मिळवायची तर बाहेरचे तज्ज्ञ येऊन तिची पद्धत, नोंदी आणि उपकरणे पाहतात. नळावर उभ्या असलेल्या बाईला मात्र प्रशिक्षणाला हजर राहिल्याबद्दल कागद मिळाला की काम झाले असे समजले जाते. हजेरी आणि कौशल्य यांतला फरक शिक्षकांना समजावून सांगायला नको.

कौशल्य कोठे लागते याची उदाहरणे पाहा. उरलेला क्लोरीन पाहण्यासाठी ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पिवळा रंग ताडून पाहतात. रंग लगेच पाहिला तर प्रामुख्याने मोकळ्या क्लोरीनचा अंदाज मिळतो. पाच मिनिटांनी पाहिला तर अमोनियाशी संयोग पावलेला, निर्जंतुकीकरणाला दुबळा असलेला क्लोरीनही त्यात मिसळतो आणि दर लिटरला ०.२ मिलिग्रॅमची किमान मर्यादा न गाठलेले पाणीही ती गाठल्यासारखे दिसते. जिवाणूंसाठीची काळी पडणारी बाटली १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा, मौर्य आणि राव यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीवर आधारलेली आहे. तिला ३० ते ३७ अंशांची ऊब हवी. वऱ्हाडातल्या डिसेंबरच्या रात्री ती बाटली खिडकीत ठेवली तर दूषित पाणीही दुसऱ्या दिवशी स्वच्छ ठरू शकते.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न नमुना घेण्याच्या वेळेचा. हुबळी-धारवाडमध्ये चोवीस तास पुरवठ्याचे काही विभाग झाल्यावर एमिली कुम्पेल आणि कारा नेल्सन यांनी तेथल्या नळांची तुलना केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात खंडित पुरवठ्याच्या जवळजवळ एक तृतीयांश नमुन्यांत ई. कोलाय सापडले, तर अखंड पुरवठ्यात शंभरात एकापेक्षा कमी नमुन्यांत. पुरवठा सुरू होताना येणारे पहिले पाणी आणि दाब कमी असतानाचे पाणी अधिक वाईट असते, हेही त्यांनी दाखवले. नळ सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने घेतलेला नमुना आणि पहिल्या लोटाभर पाण्याचा नमुना ही दोन वेगळी पाणी आहेत. निकालासमोर ही वेळ लिहिलेली नसेल तर त्या निकालाचा अर्थ लागत नाही.

झडपेबद्दलही एक गैरसमज आहे. पितळी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला की प्रश्न मिटला, असे सांगणारे कारागीर भेटतात. दुकानातून एक आणून तपासा. त्याच्या बाहेरच्या टोकाला पारदर्शक नळी उभी बांधून तिच्यात ७० सेंटिमीटर पाणी भरा, आतले टोक मोकळे सोडा, आणि पाच मिनिटांत पातळी किती उतरते ते वहीत लिहा. मग नळी तीन मीटर उंच करून पुन्हा पाहा. साध्या पाकळीच्या झडपेत कमी दाबाला गळती जास्त आणि जास्त दाबाला कमी, असे पुष्कळदा आढळते. मुलांना हे उलटे वाटते. पण पाकळी बसकेवर घट्ट दाबली जाते ती मागून येणाऱ्या पाण्यामुळेच. पाण्याचा रेटा कमी तर पाकळी सैल. म्हणजे कमी दाबाची चाचणी ही कडक चाचणी असते, आणि आपल्या रिकाम्या होणाऱ्या नळांत दाबाचा फरक बहुधा तेवढाच थोडा असतो.

मानोऱ्यासारख्या ठिकाणी प्रमाणपत्र द्यायचेच असेल तर त्याची परीक्षा लांबलचक असायला नको. मराठीत, तोंडी आणि हातांनी करायची असावी. उमेदवाराला एका गल्लीत नेऊन पाणी येण्याआधी उभे करावे आणि पाणी उलटे शिरू शकेल अशा जागा दाखवायला सांगाव्यात. पहिल्या पाण्याचा आणि अर्ध्या तासानंतरच्या पाण्याचा क्लोरीन मोजायला लावावा. चांगली आणि बिघडवलेली अशा दोन झडपा पुढे ठेवून कोणती गळते ते नळी लावून ओळखायला सांगावे. परीक्षक ग्रामपंचायतीचा किंवा नळयोजनेच्या ठेकेदाराचा नसावा. आणि हे तीन वर्षांनी पुन्हा व्हावे, कारण रंग ताडण्याची नजर आणि तोट्यांचा क्रम, दोन्ही वापराविना विसरतात.

यात शाळेचा संबंध येतो तो असा. तालुक्याच्या गावी थोडीफार काचसामग्री, तापमापी आणि नोंदवही एका छताखाली असते ती बहुधा माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेतच. या परीक्षेची प्रात्यक्षिके तेथे घेता येतील. परीक्षेपूर्वी शाळेने स्वतःची टाकीही पाहून घ्यावी: भरणाऱ्या नळाचे तोंड भरल्या टाकीच्या पाण्यावर आहे की पाण्याखाली.