घराचा हिशेब पायापासून हवा

ऊर्जा दक्षता ब्यूरोने डिसेंबर 2018 मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिते’चा पहिला भाग प्रसिद्ध केला. भिंती, खिडक्या आणि छत यांतून घरात किती उष्णता शिरू द्यावी, याच्या मर्यादा त्यात आहेत. नियम मोजता येण्याजोगे आहेत आणि वारा खेळण्यासाठी खिडक्या किती उघडाव्यात याचाही विचार आहे. हे गुण मान्यच केले पाहिजेत.

मात्र हा भाग घर वापरात आल्यानंतरचाच हिशेब मांडतो. घर उभे राहण्यापूर्वी किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, हे त्यात विचारलेले नाही.

चकलांब्यात (ता. गेवराई, जि. बीड) 36 चौरस मीटरचे घर बांधायचे आहे, असे समजू. 12 सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबला ढोबळमानाने 28 पोती सिमेंट आणि 350 किलो सळई लागेल. किलोमागे सिमेंटचे 0.85 किलो व पोलादाचे 2.3 किलो उत्सर्जन धरले, तर एकट्या स्लॅबचे 2 टन होतात. आता दोन पंखे वर्षातील 300 दिवस रोज 10 तास चालवा. वीज 450 युनिट, युनिटमागे 0.7 किलो धरून उत्सर्जन 315 किलो. म्हणजे पंखे लावण्याआधीच सहा वर्षांच्या पंख्यांएवढे उत्सर्जन होऊन गेलेले असते! पुढे वीज स्वच्छ होईल. स्लॅबचा आकडा मात्र कमी होणार नाही.

यात रसायनशास्त्रही आहे. 100 किलो शुद्ध चुनखडी भाजली की 44 किलो कार्बन डायऑक्साइड निघतोच, मग भट्टी सूर्यावर का चालेना.

दुसरी उणीव व्याप्तीची. ही संहिता 500 चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे. खेड्यातले बहुतेक घर तिच्या कक्षेतच येत नाही.

मग पुन्हा मातीची माळवदे बांधायची का? 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात अशा जड छतांखाली आणि दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसे गेली. सुरक्षितता सोडून कार्बन वाचवता येणार नाही. पण नेमका आराखडा करून स्लॅब गरजेपुरताच जाड ठेवता येतो. पोझोलाना सिमेंटमध्ये 35 टक्क्यांपर्यंत राख चालते, आणि परळीचे औष्णिक केंद्र याच जिल्ह्यात आहे.

युरोपच्या 2011 च्या मानकात खाणीपासून पाडकामापर्यंतचा हिशेब आहे. आपल्याकडेही इमारतीच्या अंदाजपत्रकात रुपयांशेजारी कार्बनचा एक रकाना हवा. तो भरण्याएवढे गणित नववीच्या विद्यार्थ्याला येते.