पृथक् पैलू आणि अखंड आराखडा : सॉफ्टवेअर रचनेतील जोडणी-साधनांची समीक्षा

सॉफ्टवेअरच्या प्रत्येक बाजूचा स्वतंत्रपणे विचार करावा, हे तत्त्व एड्सखर डायक्स्ट्रा यांनी १९७४ मध्ये मांडले. १९९७ साली ग्रेगॉर किचालेस व झेरॉक्स पार्क येथील त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अ‍ॅस्पेक्ट’ ही संकल्पना मांडून त्याला नवे रूप दिले. सुरक्षा, नोंदी ठेवणे यांसारखे पैलू संपूर्ण प्रोग्रॅममध्ये विखुरलेले असतात. ते एकत्र लिहावेत आणि योग्य स्थळी यंत्राने गुंफावेत, अशी ही योजना होय. पुढे हाच विचार आराखड्याच्या पातळीवर आला. थीम/यूएमएल आणि कॉम्पोज ही त्याची ठळक उदाहरणे होत. विभाजनाबद्दल या साधनांचा गौरव झाला; तथापि त्यांची खरी परीक्षा जोडणीत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कॉम्पोजमध्ये घटकांचे नाव, प्रकार आदी खुणा जुळवून दोन आराखडे एकत्र केले जातात. महाविद्यालयाचेच उदाहरण घेऊ. ग्रंथालयाच्या आराखड्यातील ‘खाते’ आणि शुल्क विभागाच्या आराखड्यातील ‘खाते’ यांचे नाव एक, अर्थ भिन्न. उलटपक्षी ‘सभासद’ आणि ‘विद्यार्थी’ ही नावे दोन, व्यक्ती एकच. केवळ नामसाम्यावर विसंबल्यास पहिल्या ठिकाणी चुकीचे ऐक्य घडते, तर दुसऱ्या ठिकाणी खरे ऐक्य निसटते.

दुसरा प्रश्न क्रमाचा. गुणपत्रकाची नोंद ठेवणे आणि ते सांकेतिक लिपीत बदलणे हे दोन पैलू स्वतंत्रपणे निर्दोष आहेत. परंतु नोंद आधी झाली, तर गुण नोंदवहीत उघडे राहतात. हा दोष कोणत्याही एका पैलूत नसून त्यांच्या संयोगात आहे. म्हणून प्रत्येक पैलू सुटा तपासून तो सापडत नाही.

या दृष्टीने सिव्होन क्लार्क आणि एलिसा बानियासाद यांची थीम पद्धती अधिक समाधानकारक वाटते. तीत कोणते घटक जुळवावेत आणि विसंगती आढळल्यास कोणाला प्राधान्य द्यावे, हे रचनाकार आराखड्यातच नमूद करू शकतो. अर्थाचा निर्णय मात्र येथेही साधन घेत नाही, मनुष्यच घेतो. पण तो निर्णय लिखित असल्याने इतरांना तपासता येतो, हा लाभ लहान नव्हे.

आपल्या अध्यापनात विभाजनावर भर असतो. जोडणी साधनावर सोपविली जाते. विद्यार्थ्याने सुटे आराखडे काढावेत, तसेच ते कोणत्या आधारावर आणि कोणत्या क्रमाने जोडले, याचे समर्थनही द्यावे. जोडणीचे कारण सांगता येत नसेल, तर विभाजन पूर्णपणे समजले आहे, असे म्हणता येणार नाही.