टोपीतला टाका, भिंतीवरची गाठ

क्रोशे आणि मॅक्रम या दोन हस्तकलांची तुलना छंदवर्गांत बहुधा कोणती लवकर जमते एवढ्यावरच आटोपते; मात्र तयार वस्तू वापरतो कोण आणि तिची पारख करतो कोण, हे विचारले की दोन्ही कलांची आजची अवस्था अधिक स्पष्ट होते. मीरा रोड पूर्वेच्या नया नगरसारख्या मुस्लिमबहुल वस्तीत हा प्रश्न विशेष अर्थपूर्ण ठरतो, कारण क्रोशाची जाळीदार टोपी ही तेथे शोभेची नव्हे, तर नमाजाच्या वेळी डोक्यावर चढणारी नित्याची वस्तू आहे.

क्रोशात टोकाला आकडी असलेल्या सुईने एकाच अखंड धाग्याचा एक फास दुसऱ्यातून ओढला जातो. साखळी, मुका खांब आणि खांब हे त्यातले मूळ टाके. चुकले तर धागा ओढून काम उसवता येते आणि तोच धागा पुन्हा वापरता येतो. मॅक्रममध्ये सुईच नसते. दांडीवर दुमडून अडकवलेल्या अनेक दोऱ्या हातांनी एकमेकींत गाठवल्या जातात, आणि दोरी आधीच कापायची असल्याने तयार लांबीच्या निदान चौपट माप धरावे लागते. म्हणजे क्रोशे चुका पोटात घालते, तर मॅक्रम सुरुवातीलाच हिशेब मागते. नवशिक्यांना मॅक्रम सोपे म्हणून सांगणारे हा हिशेब सहसा सांगत नाहीत.

टोपी दिसायला साधी, पण विणकराची परीक्षा पाहणारी असते. मध्यबिंदूपासून गोल फेऱ्या घालताना खांबांच्या कामात दर फेरीला साधारण 12 टाके वाढवले तर चकती सपाट राहते. कमी वाढवले तर ती वाटीसारखी वळते, जास्त वाढवले तर कडेला झालर सुटते. माथा पुरेसा झाला की वाढ थांबवून भिंत उभी करायची, आणि जाळीची नक्षी या गणितात बसवायची. बसवणी चुकली तर वापरणाऱ्याला ते लगेच कळते. असा कठोर समीक्षक भिंतीवरच्या मॅक्रमला लाभत नाही.

असे असूनही या कौशल्याला मोल मिळत नाही. खऱ्या क्रोशाचे टाके घालणारे यंत्र आजही प्रचलित नाही, आणि स्वस्त जाळीदार टोप्या बहुधा यंत्रावर विणलेल्या, क्रोशासारख्या दिसणाऱ्या कापडाच्या असतात. पण गिऱ्हाईक दोन्हींना एकाच भावाने तोलते. आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या क्रोशे लेसचा अभ्यास करणाऱ्या मारिया मीस यांनी 1982 च्या आपल्या पुस्तकात दाखवले होते की, घरी बसून लेस विणणाऱ्या बायकांना कामगार न मानता फावला वेळ घालवणाऱ्या गृहिणी मानले गेले आणि त्यांची मजुरी त्यामुळेच तुटपुंजी राहिली. ‘छंद’ हा शब्द वाटतो तितका निरुपद्रवी नाही, तो असा.

मॅक्रमची गोष्ट वेगळी आहे. व्हिक्टोरियन काळात इंग्लंडमध्ये आणि पुन्हा 1970 च्या दशकात पाश्चात्त्य देशांत त्याची लाट आली आणि ओसरली. आपल्याकडे नायलॉनच्या चकचकीत दोऱ्यांची तोरणे आणि झुले मध्यमवर्गीय दिवाणखान्यात आले, आणि आता सुती दोरीच्या फिक्या रंगांत तेच रूप परतले आहे. गाठीचे ज्ञान मात्र मीरा रोड ज्या महापालिकेत येते तिच्याच हद्दीत, उत्तनच्या कोळीवाड्यात, जाळी विणणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या हातांत जुने आहे. मॅक्रमच्या नव्या कारागिरांनी त्याकडे फारसे पाहिलेले दिसत नाही, आणि त्यामुळे त्यांच्या रचना एकमेकींच्या नकला वाटतात.

तंत्रात दोन्ही कला तुल्यबळ आहेत, परंतु आज रचनेची खरी वाढ व्हायची तर ती क्रोशात, आणि तीही टोपीत व्हावी. त्यासाठी हाताची टोपी विकत घेणाऱ्याने ती उलटी करून टाके पाहावेत आणि विणणारीला तिच्या तासांचे पैसे द्यावेत.