सूची वाचून येत नाही, करून येते

नववीच्या तासाला एका मुलीने विचारले, "सर, माठातले पाणी गार का होते, हे पुस्तकात कुठे दिलंय?" मी अनुक्रमणिका उघडली. तिथे धड्यांची नावे होती. 'माठ' नव्हता, 'बाष्पीभवन'ही नव्हते. शेवटी पाने उलटत शोधावे लागले. लेखकाने कोणत्या क्रमाने लिहिले हे अनुक्रमणिका सांगते. वाचकाला हवे ते कोणत्या पानावर आहे हे सांगते ती निर्देशसूची. मराठीतल्या बऱ्याच विज्ञान पुस्तकांत पहिली असते, दुसरी नसते.

हे काम शिकावे म्हणून मी एका महाविद्यालयाचा निर्देशसूची व सारलेखन यांवरचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केला. तो मुख्यतः ग्रंथपालांसाठी असला तरी विषय शिक्षकांच्याही उपयोगाचा आहे. म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

त्यातला इतिहासाचा भाग चांगला आहे. रसायनशास्त्रातील लेखांचे सार एकत्र देणारे 'केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स' 1907 साली सुरू झाले. भारतात 'इन्सडॉक' या संस्थेने 1965 पासून 'इंडियन सायन्स ॲब्स्ट्रॅक्ट्स' काढले. मद्रासला गणित शिकवणारे एस. आर. रंगनाथन 1924 साली तिथल्या विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि पुढे त्यांनी विषयसूचीसाठी साखळी पद्धत दिली. हे सारे व्याख्यानांत नीट समजावले आहे.

अडचण आहे ती परीक्षेत. 'केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स कोणत्या साली सुरू झाले?' खाली चार पर्याय, एकावर खूण करायची. सगळे प्रश्न याच जातीचे. मला गुण उत्तम मिळाले. पण बारा आठवड्यांत मी एकाही पानाची सूची केली नव्हती, की एकाही लेखाचे सार लिहून कोणाला दाखवले नव्हते. प्रयोगशाळेत पाऊल न टाकता प्रात्यक्षिकाची वही पूर्ण करावी, तसेच हे झाले.

प्रत्यक्ष काम काय असते, ते एका उताऱ्यावरून पाहू. समजा, पानावर असे लिहिले आहे: 'माठ सच्छिद्र असतो. छिद्रांतून झिरपलेल्या पाण्याची वाफ होते. त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातूनही घेतली जाते, म्हणून ते गार होते. पावसाळ्यात हवा दमट असल्याने पाणी तितके गार होत नाही.'

सूचीत कोणते शब्द घ्याल? 'माठ' आणि 'बाष्पीभवन' सहज सुचतात. पण 'आर्द्रता' हा शब्द उताऱ्यात नाही, तरी शेवटचे वाक्य तिच्याबद्दलच आहे. तेव्हा ती नोंद हवी. 'अप्रकट उष्मा'ही हवा. उलट 'पावसाळा' हा शब्द उताऱ्यात आहे, पण पावसाळ्याची माहिती शोधणाऱ्याला इथे काही मिळणार नाही. ती नोंद नको. म्हणजे सूचीकार केवळ शब्द वेचत नाही. कोण, काय शोधत येईल याचा अंदाज घेऊन तो निवड करतो.

लेखात वारंवार येणारे महत्त्वाचे शब्द मोजून, ते जिथे दाटीने येतात ती वाक्ये संगणकाने निवडायची, ही सारलेखनाची रीत हान्स पीटर लून यांनी 1958 साली मांडली. अभ्यासक्रमात ती आहे, पण उदाहरणे सगळी इंग्रजी. मराठीत 'पाणी', 'पाण्याची' आणि 'पाण्यातून' हा एकच शब्द आहे, हे यंत्राला आधी शिकवावे लागते. मराठीचे आणखीही प्रश्न आहेत. काही पुस्तकांत 'सुप्त उष्णता' असते, काहींत 'अप्रकट उष्मा'. तेव्हा एका नोंदीखाली 'दुसरी पहा' असे लिहावे लागते. 'क्षार' हा शब्द 'क'मध्ये द्यायचा की वर्णमालेच्या शेवटी, हे ठरवावे लागते आणि मग शेवटपर्यंत पाळावे लागते. यातले काहीही अभ्यासक्रमात आले नाही.

सारलेखनाचेही तसेच. 'या प्रकल्पात माठातील पाण्याच्या तापमानाचा अभ्यास केला आहे' हे झाले वर्णनात्मक सार. 'चार तासांत माठातले पाणी 34 अंशांवरून 27 अंशांवर आले. बाहेरून तैलरंग दिलेल्या माठात फरक नगण्य होता' हे झाले माहितीपर सार. पहिले वाचून प्रकल्प वाचावाच लागतो, दुसऱ्यातून निष्कर्षच हाती येतो. या दोन प्रकारांची व्याख्या मला परीक्षेत बरोबर आली; पण माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे सार पहिल्याच प्रकारचे असते हे मला नंतर, स्वतः लिहायला बसल्यावर कळले.

दोष ऑनलाइन माध्यमाचा नाही. ब्रिटनमध्ये 1957 साली स्थापन झालेली सूचीकारांची संस्थाही दुरूनच प्रशिक्षण देते. मात्र तिथे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष सूची करावी लागते. अभ्यासक्रम घरबसल्या असो की वर्गात, विद्यार्थ्याचे काम जाणकाराने वाचून 'ही नोंद का घेतली, ती का सोडली?' असे विचारलेच पाहिजे. आज संगणक क्षणात सार लिहून देतो. त्यातून काय निसटले हे ओळखणारा माणूस तयार करायचा, तर ही विचारपूस अधिकच हवी.

आपल्याला मात्र अभ्यासक्रमाची वाट पाहण्याचे कारण नाही. पाठ्यपुस्तकातला एक धडा घ्या. वर्गाचे चार गट करा. प्रत्येक गटाने कागदाच्या चिठ्ठ्यांवर शब्द आणि पान क्रमांक लिहून सूची करावी. चार सूच्या सारख्या येणार नाहीत. मग त्या फरकांवर चर्चा करा. धडा पुन्हा शिकवल्यासारखाच होईल. आम्ही हे केले, तेव्हा माठाबद्दल विचारणाऱ्या त्या मुलीच्या गटाने एक नोंद घेतली होती: 'घाम — बाष्पीभवन हेही पहा'. धड्यात घामाचा उल्लेखही नव्हता. सूचीच्या नियमाने ती नोंद चूक ठरते, कारण ती दाखवते त्या पानांवर घाम नाही. पण बाष्पीभवन तिला कळले होते, याबद्दल मला शंका नाही.